फुटली की फोडली?

घरची आजी रात्री निजण्यापूर्वी कोमट दुधात चमचाभर विरजण घालते आणि म्हणते, "दही लावलं." सकाळी झाकण काढून पाहते आणि म्हणते, "छान लागलंय." लावले आणि लागले! या दोन क्रियापदांच्या मध्ये एक सबंध रात्र गेलेली असते, आणि त्या रात्री आजी तर गाढ झोपेत असते. मग दही केले कुणी? आजीने म्हणावे, तर तिने दुधाचा एक थेंबही हाताने घट्ट केलेला नाही. विरजणातल्या जंतूंनी म्हणावे, तर ते बिचारे आपापले पोट भरीत होते. दही करावे हा विचार त्यांच्या गावीही नव्हता. मराठी भाषा मोठी धोरणी. तिने दोन्ही क्रियापदे जपून ठेवली आणि ज्याला जे सोयीचे पडेल ते त्याने वापरावे अशी मोकळीक दिली.

व्याकरणाच्या तासाला "आई मुलाला चालवते" हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाच्या कपाळावर आठी पडते. पाय मुलाचे, चालणे मुलाचे, तोल जाऊन पडलेच तर गुडघाही मुलाचाच फुटणार. आणि वाक्यातला कर्तेपणाचा मान मात्र आईकडे! दुसऱ्याकडून क्रिया करवणाऱ्या अशा क्रियापदाला आपण प्रयोजक म्हणतो. याच्या अगदी उलट टोकाला ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ ही भावकर्तृक मंडळी बसलेली असतात. तिथे कर्ता शोधू गेले तर सापडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये माणसाची निम्मी नीती राहते असे मला पुष्कळदा वाटते. आणि गेल्या पाव शतकात रसायनशास्त्रज्ञांनी असा एक उद्योग आरंभला आहे की, त्यामुळे हा व्याकरणातला प्रश्न थेट प्रयोगशाळेत जाऊन बसला आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी आणि डॉक्टरांचा सल्ला एवढेच आठवते. वस्तुतः प्रथिन म्हणजे एक माळ. अमिनो आम्ल नावाचे वीस प्रकारचे मणी निसर्गाने घेतले आणि कुठे शंभर, कुठे पाचशे असे ते एकापुढे एक ओवले. नवल पुढेच आहे. ही माळ पाण्यात सैल पडून राहत नाही. ती स्वतःभोवती गुंडाळते, आणि दर वेळी त्याच एका आकारात गुंडाळते. अमेरिकेतल्या ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. रिबोन्यूक्लिएज नावाचे १२४ मण्यांचे एक प्रथिन आहे. त्याच्या गुंडाळीला चार ठिकाणी टाके घातलेले असतात. त्यांनी युरिया वगैरे घालून हे टाके उसवले, माळ पार मोकळी केली, आणि मग ती रसायने काढून घेतली. आठ टोके जोडीजोडीने बांधायची तर ती १०५ प्रकारांनी बांधता येतात. गणिताची आवड असलेल्या वाचकांनी फराळ झाल्यावर हिशेब करून पाहावा. पण त्या माळेने १०४ चुकीचे प्रकार सोडून नेमका पहिलाच प्रकार पुन्हा साधला. तिला कुणी शिकवले नव्हते. आकाराचे ज्ञान मण्यांच्या क्रमातच होते. आन्फिन्सेन यांना याबद्दल १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माळ कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत मुळीच वळू शकत नाही याचा नकाशा आपल्या मद्रासला, जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली काढला. आजही जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखतात.

एक माळ गुंडाळते, हे झाले. पण गुंडाळलेली गुंडी दुसऱ्या गुंडीला बिलगते, तिसरी त्या दोघींना, आणि बघता बघता एक वास्तू उभी राहते. तंबाखूच्या पानांवर डाग पाडणारा एक विषाणू आहे. त्याचे शरीर म्हणजे २,१३० सारख्या प्रथिनांची, ३०० नॅनोमीटर लांबीची एक नळी आणि तिच्या आत आनुवंशिक द्रव्याचा एक धागा. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर.) १९५५ साली कॅलिफोर्नियात फ्रेंकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी या नळीचे भाग आणि तो धागा वेगवेगळे काढले आणि पुन्हा एकत्र घातले. नळी आपली आपण उभी राहिली. एवढेच नव्हे, तर त्या जुळून आलेल्या विषाणूने तंबाखूच्या पानांना रोगही लावला. रोग लावला कुणी, विषाणूने की त्या दोघा गृहस्थांनी, हा प्रश्न मला त्या वेळीच उभा राहिलेला दिसतो.

निसर्गाला जे साधते ते आपल्या मनाजोगते का साधू नये? समजा, आकाशकंदिलाच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ एका पिशवीत घातली, पिशवी हलवली आणि आतून तयार कंदील बाहेर काढला! शास्त्रज्ञांनी हेच मनात धरले. मात्र कामट्या अशा तासायच्या, की दुसऱ्या कोणत्याही रीतीने त्या एकमेकींना बसूच नयेत. २००१ साली लॉस एंजेलिसच्या टॉड येट्स यांनी दोन निरनिराळ्या प्रथिनांचे तुकडे एका ताठ दुव्याने जोडले आणि बारा भागांचा पिंजरा जमवून दाखवला. २०१२ साली सिअ‍ॅटलच्या नील किंग, डेव्हिड बेकर आणि त्यांच्या मंडळींनी संगणकावर आधी आराखडा आखून २४ भागांचा, १३ नॅनोमीटर रुंदीचा पिंजरा केला. आराखडे पुष्कळ होते, जमले ते मोजकेच; पण जमले ते आराखड्याबरहुकूम. बेकर यांना पुढे २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला.

मला स्वतःला मात्र सर्वांत भुरळ घातली ती स्लोव्हेनियातल्या एका कामाने. शाळेतली मुले एक खेळ खेळतात. कागदावर आकृती काढायची, पेन्सिल न उचलता आणि एकही रेघ दोनदा न गिरवता. चार टोके घेऊन प्रत्येक टोक इतर तिन्हींना जोडायचे म्हटले, तर कितीही डोके खाजवले तरी ते एका दमात जमत नाही. कारण चारही टोकांना तीन-तीन रेघा येतात, आणि विषम रेघांची टोके दोनाहून जास्त असली की खेळ अडतो. पण प्रत्येक रेघ दोनदा गिरवायची परवानगी दिली की मात्र तो सुटतो. ल्युब्लियाना शहरातल्या रोमान येराला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हाच खेळ एका प्रथिनाच्या माळेशी खेळला. त्यांना चार टोकांची, सहा कडांची एक चौकट हवी होती. त्यांनी एकाच माळेत बारा तुकडे ओवले. सुतळीच्या दोन पदरांसारखे दोन-दोन तुकडे एकमेकांभोवती पीळ घालतात, आणि प्रत्येक तुकडा आपल्याच जोडीदाराला ओळखतो, इतरांना नाही. बारा तुकड्यांच्या सहा जोड्या, सहा जोड्यांच्या सहा कडा. माळ प्रत्येक कडेवरून दोनदा गेली आणि चौकट पुरी झाली. तिची एक कड सुमारे पाच नॅनोमीटर! ज्याने पाटीवर हा खेळ मुलांना घातला आहे, त्याला हे वाचून काय वाटत असेल ते सांगणे कठीण आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे भाग एकमेकांना चिकटतात ते बव्हंशी आपल्या स्वयंपाकघरातल्या न्यायाने. वीस मण्यांपैकी काही तेलकट असतात. पाण्यात पडलेले तेलाचे थेंब एकत्र येतात, ते त्यांना परस्परांची फार ओढ असते म्हणून नव्हे. पाणीच त्यांना आपल्यातून बाजूला सारते. नेहमीचे प्रथिन हे मणी पोटात लपवून ठेवते. शास्त्रज्ञ काय करतात, तर नेमक्या जागी प्रथिनाच्या बाहेरच्या अंगावर असा तेलकट ठिपका ठेवतात. मग पाण्यापासून तोंड लपवण्यासाठी तो ठिपका दुसऱ्या प्रथिनाच्या तशाच ठिपक्यावर जाऊन बसतो. सारी कारागिरी इथेच आहे. सिअ‍ॅटलमध्ये रचलेला असाच एक १२० भागांचा गोल पिंजरा आहे. त्याचे दोन प्रकारचे भाग वेगवेगळे तयार करतात, आणि त्यांचे द्रव एकत्र केले की पिंजरे जमतात. त्याच्या पृष्ठभागावर करोना विषाणूच्या प्रथिनाचे साठ तुकडे मांडून लस तयार झाली आणि २०२२ च्या जूनमध्ये दक्षिण कोरियाने तिला मान्यता दिली. ती आली तोवर लोकांनी दुसऱ्या लशी टोचून घेतल्या होत्या, त्यामुळे तिला फारसे गिऱ्हाईक लाभले नाही. तरी माणसाने कागदावर आखलेले आणि पाण्यात आपोआप जमलेले एक बांधकाम दंडातून शरीरात गेले, हे खरेच.

तेलकट ठिपक्याची दुसरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे. विदर्भातल्या आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातले हिमोग्लोबिन चार माळांचे असते. चारही माळांचे मणी मोजले तर ५७४ भरतात. या आजारात त्यांतले फक्त दोन बदललेले असतात. प्रत्येक बीटा माळेतला सहावा मणी, जो पाण्याशी मैत्री करणारा ग्लुटामिक आम्लाचा असायचा, तिथे व्हॅलिन हा तेलकट मणी येतो. केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली हे शोधून काढले. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनवर या ठिपक्याला शेजाऱ्याच्या अंगातली एक खाच बरोबर सापडते, शेजाऱ्याला त्याचा शेजारी, आणि रक्तपेशीच्या आत चौदा पदरी दोर वळले जातात. पेशी विळ्यासारखी वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ज्यांनी हे दुखणे पाहिले आहे ते सांगतात की हाडे आतून कुणी पिरगाळावीत तसे ते असते.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. सिअ‍ॅटलच्या पिंजऱ्यात जे घडते तेच या पेशीत घडते. प्रथिनाच्या बाहेरच्या अंगावर तेलकट ठिपका येतो, भाग एकमेकांना बिलगतात, वास्तू उभी राहते. अणूंच्या दृष्टीने दोन्हींत तिळमात्र फरक नाही. एक लस झाली, दुसरा आजार झाला. आणि आजार तरी निखालस वाईट म्हणावा का? ज्याच्याकडे या बदलाची एकच प्रत असते त्याचे मलेरियाच्या घातक माऱ्यापासून पुष्कळसे रक्षण होते, असे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. तापाच्या जंगलात ज्याने तारले त्यानेच दोन प्रती एकत्र आल्यावर मारले. इथे प्रयोजक कोण? कुणीच नाही. ‘उजाडले’ म्हणावे तसे ‘बदलले’ म्हणायचे. पण ज्या घरात हे दुखणे येते तिथे भावकर्तृक क्रियापदाने कुणाचे समाधान होत नाही. कुणाच्या पापाने, कुणाच्या घराण्यातून, हे प्रश्न निघतातच आणि बहुधा सुनेच्या दाराशी जाऊन थांबतात.

आपले जुने दार्शनिक या कर्त्याच्या प्रश्नावर खूप भांडले. नैयायिकांनी घटाची तीन कारणे सांगितली. ज्या खापरांतून घट होतो ती, त्यांचा संयोग, आणि कुंभार. कुंभाराला त्यांनी निमित्त कारण म्हटले. वैशेषिकांना परमाणू जोडीजोडीने एकत्र येताना दिसले आणि या जुळण्यामागे अदृष्ट आहे असे त्यांनी मानले. चार्वाकपंथी म्हणाले, हे सगळे थोतांड. वस्तूंचा तो स्वभावच आहे. मला वाटते, हे नवे शास्त्रज्ञ तिघांनाही कोड्यात टाकतील असे कुंभार आहेत. ते चाक फिरवीत नाहीत, मातीला हात लावीत नाहीत. ते मातीच्या कणाकणांत चाक घालून ठेवतात आणि दूर होतात. घट आपल्या स्वभावाने होतो, पण तो स्वभाव कुणी तरी लिहिलेला असतो.

धोका आहे तो इथे. मुलाच्या हातून बशी पडली की मूल कधी "मी बशी फोडली" म्हणत नाही. ते म्हणते, "बशी फुटली." रांगोळी चांगली आली की मात्र "मी काढली!" मोठी माणसेही हेच करतात, फक्त बशा मोठ्या असतात. घर आम्ही बांधतो आणि ते कोसळते. पैसा आम्ही मिळवतो आणि तो बुडतो. यश आले की प्रयोजक, अपयश आले की भावकर्तृक, अशी ही सोयीची वाटणी आहे. जी वस्तू आपण हाताने घडवतो तिच्या बाबतीत ही पळवाट फार वेळ टिकत नाही, कारण हाताचे ठसे राहतात. पण जी आपोआप जमते तिच्यावर ठसे कसले? "आम्ही फक्त परिस्थिती तयार केली, जुळले ते रेणूंच्या गुणधर्माने," असे कुणी उद्या म्हणाला तर त्याचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खोटे नसेल. म्हणूनच ते खोडायला कठीण जाईल. कादंबरीकारांतही एक बढाई चालते, की पात्रे काही काळाने आपोआप वागू लागतात, लेखक नुसता पाहतो. धंदा तोच असल्यामुळे ही बढाई मी पुष्कळ ऐकली आहे. पण पात्राने काही भलतेच केले, तर वाचकांची रागाची पत्रे लेखकाच्याच पत्त्यावर येतात. पात्राच्या नावे कुणी पाकीट लिहीत नाही.

या मंडळींना हा प्रश्न सुचला नाही असे नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये प्रथिने रचणाऱ्या नव्वदाहून अधिक शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढून त्यावर सह्या केल्या. त्यात बेकरही होते. रचलेले प्रथिन प्रत्यक्षात आणायचे तर त्याचा डीएनए कुणाकडून तरी तयार करून घ्यावा लागतो. मागणीत काही घातक तर नाही ना हे जे तपासून पाहतात अशांकडूनच तो घेऊ, असे त्यांनी मान्य केले. या निवेदनामागे कायद्याचे बळ नाही, आणि ज्याला वाईटच करायचे तो सही करायला बसणार नाही. तरी मला ते महत्त्वाचे वाटते. ‘फुटली’ म्हणण्याची सोय असताना, अजून बशी हातात आहे तोवरच, या लोकांनी ‘फोडू तर आम्हीच’ असे लिहून दिले.

पण जबाबदारी केवळ वाईट हेतूच्या माणसापुरती नाही. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली साध्या, सममित प्रथिनांच्या पृष्ठभागावर एखादाच तेलकट मणी बसवून पाहिला, आणि त्यांतली कितीतरी प्रथिने पेशीच्या आत लांब दोर वळू लागली. म्हणजे सिकलसेल हा काही लाखांत एखादा अपघात नव्हे. प्रथिने नेहमीच त्या कड्याच्या टोकावर उभी असतात. चांगल्या हेतूने ठेवलेला ठिपकाही भलत्या खाचेत जाऊन बसू शकतो. म्हणून जमवणाऱ्याने उसवण्याचीही तजवीज आधीच करावी, असे मला वाटते. आपण गणपती बसवताना विसर्जनाचा दिवस ठरवूनच बसवतो, आणि मूर्ती पाण्यात विरघळणार नाही अशी केली की पुढे ओढे-तळी काय भोगतात ते आपण पाहिलेले आहे. आम्लता वाढताच सुटी होणारी प्रथिनेही आता रचली गेली आहेत, ही त्या दृष्टीने मला लशीपेक्षा मोठी बातमी वाटते.

कुणी म्हणेल, आई मुलाला चालवते, पण जन्मभर का तिने त्याच्या ठेचांचा जाब द्यायचा? नाही द्यायचा. मूल एक दिवस बोट सोडते, सज्ञान होते, आणि त्या दिवशी वाक्यातले प्रयोजक क्रियापद गळून पडते; ‘चालवते’चे ‘चालतो’ होते. गुरुशिष्यांचेही तसेच. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कारण दुसरीकडे ती घेणारा कुणी तरी तयार झालेला असतो. प्रथिनाकडे असा कुणी नाही. ते कितीही हुशारीने जुळले तरी कधी सज्ञान होत नाही. त्याच्या आपोआपपणात स्वतःचे असे काही नसते. तेव्हा ज्याने तो स्वभाव लिहिला त्याचे बोट सुटत नाही, दहा वर्षांनी नाही आणि पन्नास वर्षांनीही नाही. हा भार फार आहे, आणि तो एका माणसाच्या आयुष्यात मावणारा नाही, हेही मला दिसते. तो संस्थांनी, सरकारांनी वाटून घ्यावा लागेल.

१ जुलै २०२३ पासून आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्याला आपल्या रक्ताची स्थिती सांगणारे कार्ड मिळते. दोघांकडेही बदलाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक. लग्न ‘जुळण्या’पूर्वी ‘जुळवणाऱ्यां’नी ही कार्डे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे आरोग्यसेवक सांगतात. कार्ड नव्हते तोवर जे नुसते ‘होत’ होते, ते आता कुणी तरी ‘करणार’ आहे किंवा ‘करणार नाही’. त्या कार्डाचा उपयोग करून कुणी मुलगी नाकारील, कुणी मुलगा. आणि कुणी दोघे कार्डे पाहूनही, जन्माला येणाऱ्या बाळाची आधी तपासणी करून घेण्याचे ठरवून, एकमेकांना होकार देतील. त्यांच्यातले बरोबर कोण हे शाळामास्तराने सांगण्यासारखे नाही. पण त्या दोघांकडे निदान कार्ड दोनच आहेत. सिअ‍ॅटल आणि ल्युब्लियानातल्या माणसांच्या हाती मात्र प्रत्येक मण्याचे कार्ड पहिल्या दिवसापासून असते.